माणूस पाहिजे? आधी मालक दिसू द्या

आपल्या धंद्यात माणूस शोधण्याची जुनी रीत तोंडी होती. मालेगावचा मागवाला चहाच्या हॉटेलात विचारणा करी, नाशिकचा कापडवाला ओळखीच्या शिंप्याला सांगून ठेवी. या रीतीत कारागिरालाही मालकाची खबर आधीच लागे. अमका शिवीगाळ करतो, तमका हप्ता वेळेवर देतो. मग छापील जाहिरात आली. 'पाहिजेत. अनुभवी सेल्समन. पगार योग्यतेनुसार.' यात मालक कुठे आहे?

मोठ्या कंपन्यांना ही उणीव जाणवली. लिंक्डइन २००३ साली सुरू झाले. तेथे आज भरती अधिकारी कंपनीच्या शिक्क्याआड न राहता स्वतःच्या नावाने, फोटोसह लिहितात. मुलाखतीत काय विचारणार, काम कुठे कठीण जाते, हे साध्या बोलीत सांगतात. नोकरी डॉट कॉमची २००६ मधली 'हरी साडू' ही जाहिरात पुष्कळांना आठवत असेल. ती गाजली, कारण तसा साहेब प्रत्येकाने कुठेतरी भोगलेला होता. माणूस नोकरी सोडतो तो बहुधा साहेबाला कंटाळून. मग नोकरी धरताना त्याने साहेब पाहू नये का?

आम्हीही दुकानासाठी माणूस शोधत होतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर वरच्यासारखीच जाहिरात टाकली. स्टेटस चोवीस तासांत पुसले जाते. आमचे पुसले गेले आणि फोन आले दोन, त्यातला एक चुकून. भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही स्वतः बोला." आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलेली. लाज वाटली, तरी गल्ल्यावर बसून बोललो. दुकान दहा ते नऊ. जुम्म्याला नमाजची सुट्टी. पगाराचा आकडा सांगितला, सात तारखेला देतो म्हणालो. सीझनमध्ये आमचा आवाज चढतो, हेही कबूल केले. ठाण उलगडून दाखवले, घडी नीट बसली नाही, तेही भाच्याने तसेच ठेवले. तीन दिवसांत अकरा जण येऊन गेले. त्यातला एक येवल्याचा मुलगा आज आमच्याकडे आहे. तो म्हणाला, "पगार आधीच सांगणारा मालक पहिल्यांदा पाहिला."

व्यापारी बांधवांनी एवढे करावे: पगार, वेळ, सुट्टी आणि दुकानाचा पत्ता स्वतःच्या तोंडाने सांगावा. शायरी आणि गाणी लावण्याची गरज नाही. कामावरच्या बायांचे, पोरांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नयेत.

पण चेहरा म्हणजे परवाना नव्हे. आखातात शिंपी, वेल्डर पाठवणारेही फेसबुकवर हसतमुख दिसतात आणि 'भाईजान' म्हणून बोलतात. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते. नोंदणी झालेल्यांची नावे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतात. एजंटच्या शुल्काला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी अशी मर्यादा घातलेली आहे. जास्त मागणाऱ्याला किंवा पावती न देणाऱ्याला, तो कितीही गोड बोलो, पासपोर्ट हाती देऊ नये. दुसऱ्याच्या दुकानाचा फोटो लावून 'रजिस्ट्रेशन'चे पाचशे रुपये उकळणारेही आहेत. त्यासाठी उमेदवाराने आधी दुकानाची पायरी चढून यावे.

आता आमची गंमत. गेल्या ईदच्या सुमारास उधारी अडकली आणि पगार बारा तारखेवर गेला. येवल्याचा मुलगा काही बोलला नाही. मोबाइल काढला आणि आमचाच व्हिडिओ आमच्यासमोर धरला. "सात तारखेला देतो," आम्ही त्यात म्हणत होतो. आम्ही उठलो, शेजारच्या दुकानदाराकडून रक्कम उसनी घेतली आणि त्याच्या हातावर ठेवली. व्हिडिओ अजून तसाच आहे, पुसलेला नाही.