उपघटक ३.४ : कोशनोंदींचे सहसंपादन आणि लॉकची व्याप्ती

उद्दिष्टे
या उपघटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• सहसंपादनात होणारी हानी स्पष्ट करता येईल.
• लॉकचे प्रकार व त्यांची व्याप्ती सांगता येईल.

विषय-विवेचन
संगणकीय कोशावर अनेक संपादक एकाच वेळी काम करतात. ‘पाणी’ ही नोंद घेऊ. एका संपादकाने ती उघडून ‘मोत्याचे तेज’ हा अर्थ जोडला. तीच जुनी प्रत उघडून बसलेल्या दुसऱ्याने व्याकरणविशेष दुरुस्त केला आणि नंतर जतन केले. पहिल्याचा अर्थ कोणत्याही सूचनेविना पुसला गेला. कोशात अशी उणीव वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

ही हानी टाळण्यासाठी लॉक वापरतात. वाचन-लॉक एकाच वेळी अनेकांना मिळतो. लेखन-लॉक मात्र एकालाच, आणि तो असेपर्यंत इतरांना थांबावे लागते.

प्रश्न असा, की लॉक कशाला लावावा? ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डेटाबेसमध्ये ‘नाम’ हा वर्ग, ‘पाणी’ हा त्यातील ऑब्जेक्ट आणि अर्थ, उदाहरणे, वाक्प्रचार हे त्याच्या पोटातील ऑब्जेक्ट असतात. संपूर्ण वर्गाला लॉक लावल्यास सर्वांचे काम थांबते. केवळ एका उदाहरणाला लावल्यास, तेवढ्यात दुसरा कोणी संपूर्ण नोंदच काढून टाकू शकतो.

आयबीएममधील जिम ग्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात यावर ‘उद्देश-लॉक’ सुचविला. अंशाला लॉक लावण्यापूर्वी त्याला सामावणाऱ्या नोंदीवर व वर्गावर ‘आत काम चालू आहे’ अशी खूण केली जाते. अशा खुणा परस्परांना अडवत नाहीत. त्यामुळे दोघे एकाच नोंदीच्या भिन्न अर्थांवर काम करू शकतात. नोंद काढू पाहणाऱ्याला मात्र थांबावे लागते. १९८० च्या दशकात वॉन किम व सहकाऱ्यांनी ऑस्टिन येथे घडविलेल्या ‘ओरायन’ प्रणालीत ही कल्पना वर्गांच्या उतरंडीला आणि संयुक्त ऑब्जेक्टना लागू केली गेली.

लॉकमुळे नवी अडचणही उद्भवते. एकाकडे ‘पाणी’ आहे, त्याला ‘जल’ हवे. दुसऱ्याकडे ‘जल’ आहे, त्याला ‘पाणी’ हवे. दोघेही अडून राहतात. सर्वांनी अकारविल्हे क्रमानेच लॉक घेतल्यास असा पेच पडत नाही.

सारांश
लॉकची व्याप्ती ठरविणे म्हणजे नोंदीतील कोणते अंश स्वतंत्रपणे बदलू शकतात, हे ठरविणे होय. हा निर्णय तांत्रिक दिसला, तरी त्याचा आधार कोशकाराने केलेले नोंदीचे विश्लेषण हाच असतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न
‘हात’ या नोंदीचे घटक पाडा. त्यांपैकी कोणते दोन संपादक एकाच वेळी बदलू शकतील, ते सकारण लिहा.