फ्यूजच्या जागी तार नको

जुनी मोटार आहे. रात्रीची वेळ आहे. फुलंब्रीहून आजारी माणूस संभाजीनगरला घाटीत न्यायचा आहे. गाडीत फोन लावला, पण तो चार्ज होत नाही. वाटेत गाडी अडली आणि फोनही बंद पडला, तर 108 ला फोन कसा लावणार?

घाबरू नका. एकेक गोष्ट पाहा.

आधी चार्जिंगची वायर बदला. पुष्कळदा दोष तिच्यातच असतो. मग दुसरा फोन लावा. तोही चार्ज झाला नाही, तर दोष गाडीत असू शकतो.

गाडी बंद करा. किल्ली काढा. चार्जिंगच्या भोकात नाणे पडले आहे का पाहा. नाण्यानेही फ्यूज उडतो.

आता फ्यूजची पेटी उघडा. फ्यूजमधली पट्टी तुटली असेल, तर नवा घाला. त्यावरचा आकडा वाचा. 10 च्या जागी 10, 15 च्या जागी 15.

घाईत कोणी म्हणेल, "तार बांधा हो, काय होतंय!" ऐकू नका. फ्यूज हा राखणदार आहे. वीज जास्त वाहिली की तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. तार जळत नाही. मग वायरी तापतात, गाडी पेटते. आत आजारी माणूस आहे!

नवा फ्यूजही उडाला, तर मेस्त्रीला दाखवा.

जादा फ्यूज गाडीत ठेवा. आकडा वाचता येतो ना? मग तो वाचूनच घाला.