लोखंडी नांगर आणि शेतकऱ्याचे मन

एक लोहचुंबक घ्या, तो पातळ कागदात गुंडाळा आणि गावच्या नाल्यातील कोरड्या वाळूतून फिरवा. तुम्ही नंदुरबार जिल्ह्यातील रनाळ्याचे असाल तर फारच उत्तम, कारण तिकडची जमीन काळ्या बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. कागदावर काळ्या बारीक कणांची दाढी उगवेल. ते कण मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयुगाचे. आणखी पुष्कळ लोखंड मातीत असते, पण ते चुंबकाला चिकटणाऱ्या रूपात नसते. असे लोखंड आपल्या शेतांत माणूस शेती करू लागण्याच्या आधीपासून आहे.

हे ध्यानात ठेवा आणि आता 1903 सालात चला. बेळगावला सायकलींचे दुकान चालवून पुढे कारखानदारीकडे वळलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी त्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. (हे गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर त्यांनी रंगकाम सोडले आणि यंत्रांची रेखाटने शिकले!) लाकडी नांगर जमीन नुसती चिरतो, लोखंडी नांगराचे वाकडे पाते माती उचलून उलटी करते, तणाची मुळे वर आणते. माल असा चांगला, पण गिऱ्हाईक येईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली.

ही समजूत खरी आहे का, ते आपण कागद-पेन्सिल घेऊन पाहू. एक एकर म्हणजे सुमारे 4,000 चौरस मीटर. नांगरटीची खोली 15 सेंटिमीटर धरा. म्हणजे 600 घनमीटर माती झाली. एका घनमीटर मातीचे वजन साधारण 1.3 टन धरले, तर एका एकरात सुमारे 800 टन माती हलते. तिच्यात लोखंड पाच टक्के धरू. म्हणजे 40 टन! आता 40 किलोचा अख्खा नांगर झिजून त्याच एकरात मिसळला असे समजा. मातीतील लोखंडाचे प्रमाण 5 टक्क्यांवरून 5.005 टक्के होईल. आणि याहूनही मोठी गंमत म्हणजे लाकडी नांगराच्या टोकाला लोखंडाचा फाळ आधीपासून होताच. पिढ्यान् पिढ्या तो त्याच जमिनीत फिरत आला होता.

तेव्हा हिशेब लक्ष्मणरावांच्या बाजूने होता. पण हा हिशेब गावच्या पारावर मांडून एक तरी नांगर खपला असता का? मला तसे वाटत नाही. याचे कारण शेतकऱ्याचे अज्ञान, असे घाईने म्हणू नका.

वर्गात एक चाचणी घ्या. मित्राला सांगा, "नाणे उडवू. छापा पडला तर तुला 150 रुपये मिळतील, काटा पडला तर तू 100 रुपये द्यायचे." सरासरी काढली तर प्रत्येक डावात त्याचा 25 रुपये फायदा आहे. तरीही पुष्कळ जण नको म्हणतील. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 साली याविषयी गाजलेला निबंध लिहिला. मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावण्याचे दुःख माणसाला मोठे वाटते. पुढच्या मोजणीत ते सुमारे दुप्पट निघाले.

आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. शेती पावसावर, पेरणीची संधी वर्षातून एकदा. नांगर चांगला निघाला तर पीक थोडे वाढेल. वाईट निघाला तर वर्षभराचे धान्य जाईल. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार दुरुस्त करतो आणि बलुते सुगीनंतर घेतो. लोखंडी नांगराला रोख पैसा हवा, आणि भाग मोडला तर जायचे कुठे? जमिनीला विष बाधते, हे बोलायला सोपे कारण होते. माझ्या मते खरी भीती या दुसऱ्या प्रश्नांत दडलेली होती.

आपलेच लोक असे, असेही समजू नका. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्ड यांनी 1797 साली ओतीव लोखंडाच्या नांगराचे पेटंट घेतले. तिथले शेतकरीही तेच म्हणाले: जमीन विषारी होईल, तण माजेल! न्यूबोल्ड यांचा नांगर एकसंध ओतलेला होता. एक कोपरा मोडला की सगळा भंगारात. पुढे जेथ्रो वुड यांनी 1819 साली सुट्या, बदलता येणाऱ्या भागांच्या नांगराचे पेटंट घेतले. धातू तोच होता. पण "मोडला तर?" या प्रश्नाचे उत्तर आता नांगरातच बसवलेले होते. याला मी खरी कल्पकता म्हणतो. धंद्यात पुष्कळांना वाटते की कल्पकता म्हणजे चटकदार जाहिरात. चटकदार जाहिरातीने "मोडला तर?" हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडेही नांगर अखेर खपू लागले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा दिली आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती त्यातून गिऱ्हाइकांपर्यंत जाऊ लागली.

पण छापील माहितीने काय होते आणि काय होत नाही, तेही मोजले गेले आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात संकरित मक्याचे बियाणे कसे पसरले, याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस यांनी 1943 साली प्रसिद्ध केला. बियाण्याची पहिली बातमी पुष्कळांना विक्रेत्याकडून कळली होती, पण ते पेरण्याची खात्री पटली ती अनेकदा शेजाऱ्यामुळे. आणि पहिल्या वर्षी शेतकऱ्यांनी ते थोड्याच जागेत पेरून पाहिले. तोटा झालाच तर एका तुकड्याचा!

हा अभ्यास तुम्हीही करू शकता. तुमच्या गावातील पाच-सहा वयस्क शेतकऱ्यांना भेटा. वहीत चार रकाने आखा: लोखंडी नांगर, ट्रॅक्टर, संकरित बियाणे किंवा ठिबक यांपैकी कोणती वस्तू, ती गावात प्रथम कोणी आणली, तेव्हा लोक काय म्हणाले, आणि विचारणाऱ्याने स्वतः ती कधी व कोणाचे पाहून घेतली. तिसऱ्या रकान्यातील वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्या. मग प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिहा की, त्यामागे कोणत्या तोट्याची भीती असावी.