तलंग की कोंबडा? पैसे देण्याआधी तुरा वाचायला शिका



अंड्यांसाठी गावरान कोंबडीपालन सुरू करताना पहिला फटका बसतो तो नर-मादी ओळखण्यात. मलाही बसला. आठवडी बाजारातून दोन महिन्यांच्या 20 "माद्या" आणल्या. तुरे बारीक दिसले, म्हणून विश्वास ठेवला. चौथ्या महिन्यात त्यातल्या 7 जणांनी बांग दिली! तोपर्यंत अंड्याच्या हिशोबाने खाद्य घालून झालं होतं.

चूक कुठे झाली? तुऱ्याचा प्रकार जात सांगतो, नर-मादी नाही.

आधी प्रकार बघा

- एकेरी तुरा: करवतीसारखे दाते, उभी एकच पाती. वनराजा, गिरिराजा आणि बऱ्याच गावरान पक्ष्यांत हाच दिसतो.
- वाटाणा तुरा: बुटका, डोक्याला चिकटलेला, तीन बारीक ओळींचा. असील आणि असील मिश्र पक्ष्यांत दिसतो. नराचाही लहानच असतो. मी इथेच फसलो.
- गुलाब तुरा: रुंद, चपटा, वर बारीक फोड्या, मागे टोक.

मग नर-मादी बघा (8 ते 10 आठवडे)

1. एकाच वयाचे, एकाच प्रकारच्या तुऱ्याचे पक्षी शेजारी धरा. एकटा पक्षी बघून अंदाज करू नका.
2. एकेरी तुऱ्यात नराचा तुरा मोठा आणि लालभडक होतो, चोचीखालच्या पाळ्याही लवकर लोंबतात. मादीचा तुरा लहान आणि फिकट राहतो.
3. नराचे पाय जाड, उभं राहणं ताठ.
4. वाटाणा तुरा असेल तर घाई नको. साधारण 12 आठवड्यांनी शेपटीजवळची पाठ बघा: नराची पिसं लांब, टोकदार, मादीची गोल.
5. कडकनाथचा तुरा काळपट असतो, तिथे लाल रंग शोधू नका. आकार आणि पिसं बघा.

एक दिवसाच्या गावरान पिल्लात तुरा बघून काही कळत नाही. मिश्र पिल्लं घेतली तर 100 मध्ये साधारण निम्मे नर धरूनच हिशोब मांडा.

धंद्याचं गणित

पशुसंवर्धन विभागाच्या तलंगा गट योजनेत 25 माद्या आणि 3 नर असतात, वय 8 ते 10 आठवडे. म्हणजे 8-9 माद्यांमागे एक नर. उबवायची अंडी हवी असतील तर एवढे नर पुरतात. नुसती खायची अंडी विकायची तर नर लागतच नाही.

जास्तीचे नर म्हणजे तोटा नाही, उशिरा ओळखलेले नर म्हणजे तोटा. ओळखले की वेगळे करा, मांसासाठी वाढवा, वजन भरलं की विका. मादी अंड्यावर यायला साडेपाच-सहा महिने लागतात. तोवरचं खाद्य फक्त तिच्यासाठी राखा.

आणि खरेदी करताना पावतीवर "इतक्या माद्या, नर निघाल्यास बदलून" असं लिहून घ्या. विकणारा नाही म्हणाला, तर मिश्र पक्ष्यांचाच भाव द्या.

आजचा गृहपाठ: घरच्या किंवा शेजाऱ्याच्या 10 पक्ष्यांचा तुरा आणि तुमचा अंदाज वहीत लिहा. महिन्याभराने परत बघा. किती बरोबर आले ते मोजा, मगच बाजारात जा.