राजाच्या मेजाशी

शास्त्रपाठ : २ शमुवेल ९:१-१३



मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना शौल व योनाथान पडल्याची वार्ता आली. दाई त्याला घेऊन पळाली. घाईत तो पडला व दोन्ही पायांनी लंगडा झाला (४:४). दोष त्याचा नव्हता; पण जन्मभर ओळख तीच राहिली. दाविदाने विचारले तेव्हा सीबाने त्याचे नावही सांगितले नाही, योनाथानाचा लंगडा मुलगा, एवढेच सांगितले (व. ३). पुढे मफीबोशेथ स्वतःला मेलेल्या कुत्र्याच्या पंक्तीला बसवतो (व. ८). लोक जे म्हणतात तेच मनुष्य अखेर स्वतःविषयी म्हणू लागतो.

दाविदाने मात्र त्याला नावाने हाक मारली (व. ६) व आपल्या मेजाशी राजपुत्रासारखे बसवले. का? त्याच्या कर्तबगारीमुळे नव्हे, तर योनाथानाशी केलेल्या करारामुळे (१ शमुवेल २०:१४-१७). आपणही मुळात देवाच्या प्रतिरूपाचे आहोत (उत्पत्ती १:२७) आणि ख्रिस्ताच्या रक्ताने झालेल्या नव्या करारामुळे त्याच्या मेजाशी बसतो. ही योग्यता कोणी माणसाने दिलेली नाही. म्हणून कोणी माणूस ती काढूनही घेऊ शकत नाही.

माझ्या आजोबांचा अर्धा जन्म लोकांच्या उंबऱ्याबाहेर गेला. बाप्तिस्म्यानंतरही ते देवळात दाराजवळ, चपलांशेजारी बसत. तेथे बसा असे कोणी सांगितले नव्हते. अंगवळणीच पडले होते. वडील सांगत, एका प्रभुभोजनाच्या दिवशी पाळकसाहेब प्याला घेऊन दाराशी गेले नाहीत. त्यांनी आजोबांना नावाने हाक मारली व म्हणाले, “पुढे या, जागा ठेवली आहे.” आजोबा उठले. त्यानंतर ते दाराशी कधी बसले नाहीत.

अध्यायाच्या शेवटीही मफीबोशेथ लंगडाच आहे (व. १३). पाय बरे झाल्यावर मान मिळाला असे नव्हे. लंगड्या पायांनीच तो मेजाशी बसला. आपले दारिद्र्य, अल्प शिक्षण, जुनी जखम कदाचित राहील. पण आपले नाव ती नव्हे.

आणि जो कृपेने मेजाशी बसला, त्याने दुसऱ्याला दाराशी बसवू नये. आपल्या मंडळीत आज दाराजवळ कोण बसते?

शिक्षकांसाठी प्रश्न

१. राजाच्या मेजाचा उल्लेख या अध्यायात किती वेळा येतो? (व. ७, १०, ११, १३)

२. सीबा व दावीद यांच्या बोलण्यात कोणता फरक दिसतो?

३. वर्गातील कोणत्या मुलाला आपण त्याच्या उणिवेवरून ओळखतो? येत्या रविवारी त्याला नावाने हाक मारा.