मोटारबोटीच्या इंजिनाची हिवाळी निरवानिरव

यंत्र चालून झिजते, हे सर्वांना ठाऊक असते. ते नुसते उभे राहूनही बिघडते, आणि कित्येकदा वर्षभर चालून झाले नसते इतके नुकसान चार महिन्यांच्या विश्रांतीत होते, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात येत नाही. थंड प्रदेशांत लहान मोटारबोटी बाळगणाऱ्या लोकांना हा अनुभव चांगला परिचयाचा आहे. शरदऋतूत सुस्थितीत ठेवलेले इंजिन वसंतात उघडून पाहावे, तो त्याच्या बिडाच्या अंगावर हातभर लांबीची तडा गेलेली आढळते. असे इंजिन बहुधा दुरुस्त होत नाही. ते बदलावेच लागते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन आणि मिनेसोटा ही राज्ये अशा होडीवाल्यांची माहेरघरेच होत. तेथे सरोवरांची संख्या हजारांनी मोजावी लागते. नॉर्वेत जन्मलेला आणि लहानपणीच विस्कॉन्सिनमध्ये आलेला ओले एव्हिन्रूड हा कारागीर ह्याच परिसरातला. होडीच्या पाठीमागे अडकविण्याचे व हवे तेव्हा काढून घेण्याचे इंजिन, ज्याला आज आउटबोर्ड म्हणतात, ते त्याने १९०९ साली मिल्वॉकी शहरात विक्रीसाठी तयार केले. त्याच्यापूर्वीही असे प्रयत्न झाले होते. पण सामान्य माणसाच्या होडीवर इंजिन चढविण्याचे श्रेय मुख्यतः त्याच्याकडेच जाते.

ह्याच विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराच्या काठी मेंडोटा नावाचे मोठे सरोवर आहे. ते केव्हा गोठते व केव्हा मोकळे होते, ह्याच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ठेवलेल्या आहेत. सामान्यतः ते डिसेंबरच्या उत्तरार्धात गोठते. ह्या तारखेवर विसंबून जो होडीवाला इंजिनाची व्यवस्था डिसेंबरपर्यंत लांबणीवर टाकील, तो फसेल. सरोवरात पाण्याचा प्रचंड साठा असतो. शिवाय पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्यामुळे पृष्ठभागाचे पाणी थंड होऊन खाली बसते आणि खालचे ऊबदार पाणी वर येते. ही घुसळण चालू राहून सगळा साठा ४ अंशांपर्यंत उतरल्याखेरीज वर बर्फ धरत नाही. काठावर गाडीवर चढवून ठेवलेल्या होडीच्या इंजिनात मात्र काही लिटरच पाणी असते. चहूबाजूंनी वारा लागणारे ते पाणी ऑक्टोबरातील एका कडक रात्रीत गोठू शकते. समोर सरोवर निळे दिसत असते, आणि इंजिन फुटलेले असते! गेल्या दीड शतकात मेंडोटावर बर्फ राहण्याचा काळ पुष्कळच घटला आहे. तरी इंजिनाला त्याचा काही उपयोग नाही, कारण त्याला हिवाळा लागत नाही, एक रात्र पुरते.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे शेकडा ९ ने वाढते. मोकळ्या भांड्यात हा फुगवटा वर सरकतो. पण चारही बाजूंनी बंद असलेल्या धातूच्या पोकळीत त्याला वाट नसते. अशा कोंडलेल्या बर्फाचा दाब उणे १० अंशांना हवेच्या सामान्य दाबाच्या हजारपटीवर जाऊ शकतो, आणि उणे २२ अंशांच्या सुमारास तो जवळजवळ दोन हजारपट होतो. बिडाची तन्यता थोडी; ते वाकत नाही, तडकते. तेव्हा येथे भिंत जाड करून भागत नाही. पाणी काढून टाकणे हाच उपाय होय.

ते पाणी इंजिनात येते तरी कोठून? मोटारगाडीत तेच ते पाणी रेडिएटरमधून फिरत राहते. लहान बोटींच्या बहुतेक इंजिनांत हा खटाटोप नसतो. ज्या पाण्यावर होडी तरंगते तेच पाणी पंपाने आत ओढले जाते, तप्त सिलिंडरांभोवती फिरते आणि बाहेर टाकले जाते. आउटबोर्ड इंजिन सरळ उभे ठेवले, म्हणजे हे पाणी आपल्या वजनानेच खाली निथळते. म्हणून ते इंजिन हिवाळ्यात उभेच ठेवावे. तिरपे ठेवले तर आत पाणी साचून राहते. होडीच्या पोटात बसविलेल्या इंजिनाची गोष्ट निराळी. त्याचा ठोकळा आडवा पसरलेला असतो आणि त्यात पाणी अडून राहील असे अनेक खळगे असतात. त्यांच्या तळाशी निचऱ्याची बुचे दिलेली असतात. ही बुचे काढली आणि पाणी आले नाही, तर आत पाणी नाही असे समजू नये. बहुधा गाळाने आणि गंजाच्या पापुद्र्यांनी भोक बुजलेले असते. जाड तार आत घालून ढवळावे, म्हणजे अडलेले पाणी भसकन बाहेर येते.

पाणी काढल्यावर काही जण गोठणरोधक द्रव भरतात. हे करण्यास हरकत नाही; परंतु त्यात एक फसगत आहे. इंजिनात एक तापनियंत्रक झडप असते. इंजिन थंड असताना ती मिटलेली राहते आणि आत घेतलेला द्रव ठोकळ्यात न शिरता बाजूच्या वाटेने थेट धुराड्याकडे निघून जातो. मागून गुलाबी धार पडू लागलेली पाहून मालक निश्चिंत होतो. ठोकळ्यात मात्र जुने पाणी तसेच असते. म्हणून आधी निचरा, मग द्रव, हा क्रम सोडू नये. उरलेल्या पाण्यात द्रव मिसळला तर तो पातळ होऊन त्याची शक्तीही कमी होते. द्रव प्रोपिलीन ग्लायकोलचा घ्यावा. एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि पोटात गेल्यास प्राणघातक असते. जमिनीवर सांडलेले ते चाटून कुत्री-मांजरे मरतात.

पंख्याजवळची दंतचक्रे ज्या पेटीत फिरतात तिच्यात दाट तेल असते. पंख्याच्या दांड्याभोवती माशांच्या गळाची दोरी गुंडाळली गेली, की ती तेथील रबरी कडे कापते आणि तेलात पाणी शिरते. तेल दुधाळ दिसल्यास हे घडले आहे असे जाणावे. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते, तेथेच गोठते आणि पेटी फोडते. खालचे व वरचे अशी दोन्ही बुचे काढून तेल गाळावे, आणि नवे तेल खालच्या भोकातून वर चढवीत भरावे. वरून ओतले तर आत हवा अडकते.

इतका वेळ पाण्याचा विचार झाला, कारण तेच सर्वांत उघड नुकसान करते. पण प्रत्यक्ष कामाचा आरंभ पेट्रोलापासून करावा लागतो. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यांतले हलके घटक आधी उडून जातात, आणि नेमके तेच थंड इंजिन पेटविण्यास हवे असतात. उरलेल्या भागातील काही रेणू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट राळ तयार करतात. कार्बुरेटरमधील इंधनाचे भोक एक मिलिमीटरहूनही बारीक असू शकते. ते बुजण्यास राळेचा पातळसा थर पुरेसा होतो. ह्यावर ऑक्सिडीकरण रोखणारे स्थिरक द्रव्य मिळते. ते ताज्या पेट्रोलात घालावयाचे असते. एकदा राळ धरली, की ते द्रव्य पेट्रोलाला पुन्हा पूर्वीचे रूप देऊ शकत नाही.

इथॅनॉलमिश्रित पेट्रोलाने ह्यात आणखी एका अडचणीची भर घातली आहे. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलात ते शेकडा १० पर्यंत असते. भारताने शेकडा २० हे प्रमाण २०२५ साली गाठले. इथॅनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी असेतो सर्व मिश्रण एकजीव राहते. पाणी वाढले किंवा थंडीने ते सामावण्याची क्षमता घटली, म्हणजे पाणी व इथॅनॉल मिळून एक वेगळा थर टाकीच्या तळाशी जमतो. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. अशा वेळी वसंतात इंजिनाला पहिला घोट पेट्रोलाचा मिळत नाही. काढून ठेवता येणारी लहान टाकी म्हणूनच रिकामी करणे उत्तम. ते पेट्रोल लगेच मोटारगाडीत वापरून टाकता येते. मात्र जुन्या द्विघाती इंजिनाचे तेलमिश्रित इंधन असेल तर तसे करू नये. होडीतच बसविलेली टाकी जवळजवळ भरून, प्रसरणासाठी थोडी जागा सोडून ठेवावी, म्हणजे दमट हवेला आत फारसा वाव राहत नाही.

स्थिरक घातलेले पेट्रोल केवळ टाकीत राहून उपयोग नाही; ते कार्बुरेटरपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालवावे लागते. इंजिन कोरडे चालवू नये, कारण पंपातील रबरी पंखाला पाणी हेच वंगण असते. त्यावाचून तो काही क्षणांत करपतो. पाणी आत घेण्याच्या जाळीवर रबरी वाट्या बसवून नळाचे गोडे पाणी सोडावे. नॉर्वेच्या किनाऱ्यासारख्या खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनातील मीठही ह्याच पाण्याने धुऊन निघते. हे काम उघड्यावरच करावे. बंद पडवीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो.

इंजिन असे गरम झाले असतानाच चतुर्घाती इंजिनातील वंगणतेल बदलून घ्यावे. वसंतात तरी बदलायचेच आहे, मग आताच कशाला, असे पुष्कळांना वाटते. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते बहुतेक वाफेच्या रूपाने निघून जाते. पण थोडे दट्ट्याच्या कड्यांजवळून झिरपून, ज्वलनातील आम्लांसह, तेलात उतरते. हे तेल चार महिने गुळगुळीत पोलादी पृष्ठांना चिकटून राहू द्यावे की नाही, हे वाचकानेच ठरवावे. शेवटी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात संरक्षक तेलाचा फवारा मारावा आणि इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवावे.

बॅटरी घरात आणून पूर्ण भारित करावी. पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीतील द्रव उणे ५० अंशांनाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीतील द्रव मात्र उणे ७-८ अंशांनाच गोठू शकतो.

कोकणातल्या होड्यांना गोठण्याचे भय नाही. तेथे त्यांची विश्रांती पावसाळ्यात असते. त्या वर ओढून झापांनी झाकतात आणि नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात लोटतात. वर सांगितलेल्यापैकी गोठणरोधक द्रव तेवढा तेथे वगळावा. मीठ, दमट हवा आणि शिळे पेट्रोल ह्यांचा त्रास तेथे विस्कॉन्सिनपेक्षा अधिकच होतो.

होडी झाकताना प्लास्टिक घट्ट लपेटू नये. आतल्या आत दव धरते. कापडाच्या चिंध्याही इंजिनाच्या झाकणाखाली ठेवू नयेत. उंदीर त्यांचे घरटे करतात आणि तारा कुरतडतात. काढलेली निचऱ्याची बुचे एका पिशवीत घालून ती सुकाणूच्या चाकालाच बांधावी. वसंतात होडी पाण्यात सोडणारा माणूस दुसराच कोणी असू शकतो, आणि ती पिशवी बाजूला केल्याखेरीज त्याला चाक धरता येणार नाही.