आधी तारीख बघा, मग बातमी

फोनवर नुसतं ‘अंबड’ लिहून शोधलं की जालना जिल्ह्यातल्या तालुक्याबरोबर नाशिकची औद्योगिक वसाहतही पुढ्यात येते. राजूर गणपतीचं म्हणजे भोकरदन तालुक्यातलं, पण अकोले तालुक्यातही राजूर आहेच. जामखेड अंबड तालुक्यात आहे, तसं अहिल्यानगर जिल्ह्यातही. म्हणून गावाच्या नावाला तालुका आणि जिल्हा जोडूनच शोधावं. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह टाकलं, म्हणजे ‘अंबड -नाशिक’ असं लिहिलं, की बरीचशी गर्दी ओसरते.

गावाची गल्लत निदान चटकन लक्षात येते. वर्षाची येत नाही, आणि खरं नुकसान तिथंच होतं.

२०२५च्या खरिपात भोकरदनकडचे एक शेतकरी सोयाबीन आणि कपाशीचा विमा भरायला सेवा केंद्रावर आले, तेव्हा मी तिथंच होतो. ‘एक रुपयात पीक विमा’ ही बातमी त्यांनी फोनवर उघडून दाखवली. बातमी खरी होती, पण २०२३ची. राज्याची ती योजना २०२३च्या खरिपात सुरू झाली आणि २०२५च्या खरिपापासून बंद झाली. आता विमा रकमेच्या २ टक्के हप्ता सोयाबीनला आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत. तेवढे पैसे त्यांनी आणलेच नव्हते. ऐन हंगामातला दिवस मोडून माणूस रिकाम्या हाती परत जातो, हे पाहवत नाही.

ती बातमी सगळ्यात वर का होती? शोधयंत्र ताजं ते आधी असा क्रम लावत नाही. शब्द किती जुळतात, किती ठिकाणांहून त्या पानाचा दुवा दिलाय, असं बरंच काही ते बघतं. दोन वर्षं सगळीकडे फिरलेली बातमी मग कालच्या बातमीला मागे टाकते. गुगलवर ‘टूल्स’मध्ये काळ निवडता येतो. तिथं ‘मागील महिना’ केलं की यादी पार बदलते. योजना, अनुदान, भरती, शेवटची तारीख यातलं काहीही शोधताना ही निवड आधी करावी.

बातमीपेक्षा शासन निर्णय गाठता आला तर फारच उत्तम. राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग, मुख्य शब्द आणि ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशा चौकटी आहेत. व्हॉट्सअॅपवर असा निर्णय, म्हणजे जीआर, आलाच, तर त्याच्या शेवटी छापलेला लांबलचक संकेतांक बघावा. त्यातले पहिले चार अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, त्यापुढचे दोन दिवसाचे. २०२३ने सुरू होणारा संकेतांक ‘आजचा निर्णय’ म्हणून फिरत असेल तर तिथंच थांबावं. तोच अंक संकेतस्थळावरच्या संकेतांकाच्या चौकटीत टाकला की मूळ कागद मिळतो.

यादीचा क्रम बाजारभाव बघतानाही फार जपून लावावा लागतो. पणन मंडळाच्या तक्त्यात जात, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. जास्तीत जास्त दरावरून उतरत्या क्रमाने यादी लावली, तर चार-दोन क्विंटल आवक असलेली बाजार समितीही माथ्यावर जाऊन बसते. त्या दराच्या भरवशावर गाडी भरू नये. आवक आणि सर्वसाधारण दर सोबत वाचावेत. तुरीत तर लाल आणि पांढरी वेगळी धरायला हवी. बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बीडीएन ७११ हे वाण पांढरं. ते पिकवणाऱ्याने लाल तुरीची ओळ पाहून हिशेब मांडला तर तो चुकणारच.

आणि ‘काहीच सापडलं नाही’ असं उत्तर आलं तरी लगेच हताश होऊ नये. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला ‘ऱ्या’ संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. डोळ्याला दोन्ही सारखे, पण यंत्राला वेगळे वाटू शकतात. अशा वेळी ते अक्षर टाळून दुसरा शब्द द्यावा. ‘पीक’ आणि ‘पिक’ दोन्ही करून बघावं. सातबारा शोधतानाही हेच. सातबाऱ्याच्या महाभूलेख या संकेतस्थळावर पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, संपूर्ण नाव असे पर्याय आहेत, पण नोंदीत वेलांटी जरी वेगळी असली तरी नाव हाती लागत नाही. जुना उतारा किंवा फेरफाराची नक्कल घरात असेल, तर तिच्यावरचा गट क्रमांक टाकावा.